कोरडवाहू शाळूला पाणी कोण घालतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मंगळवारच्या मीटिंगआधी लिहायचीच होती, म्हणून रात्री बसून लिहिलीय. शुद्धलेखनाला हसू नका.

सुरुवात आमच्या अंगणापासून करते. काही वर्षांपूर्वी आम्ही पुढचं लॉन काढलं, रिबेट घेतला आणि इथलीच झाडं लावली. त्यात सिअनोथस नावाचं निळ्या फुलांचं झुडूप माझं सगळ्यात लाडकं. मार्चमध्ये फुललं की पानं दिसायची नाहीत, नुसत्या मधमाश्या. तिसऱ्या वर्षी आई आली. आपल्या सगळ्यांचे आईवडील येतात तशीच, मेमध्ये आली आणि ऑक्टोबरमध्ये गेली. जुलैत तिला त्या झाडाकडे बघवेना. "अगं, घशाला कोरड पडली असेल त्याच्या," म्हणत रोज संध्याकाळी नळी धरून उभी राहायची. ऑगस्ट संपता संपता झाड वरपासून खालपर्यंत वाळलं. उपटलं तर मुळं काळी, मऊ, कुजलेली.

आई फार खट्टू झाली. "मी तर पाणीच घातलं ना गं?"

आईचं माहेर मंगळवेढ्याकडचं. मी विचारलं, "आई, तुमच्या रानात शाळूला पाणी कोण घालायचं?" ती म्हणाली, "कोरडवाहू शाळूला कोण कशाला पाणी घालेल? काळ्या रानात पावसाची ओल असते की." आणि एकदम थांबली. "म्हणजे हे रब्बीचं आहे होय!"

मी चार पुस्तकं वाचून आणि दोन क्लास करून जे शिकले होते, ते तिने एका शब्दात सांगितलं.

आपल्यातले बहुतेक जण खरिपाच्या डोक्याने बागकाम करतात. आपल्या मनात ऊन तापलं की पाऊस येतो, आणि पाऊस आला की सगळं उगवतं. इथे उलटं आहे. सॅन होजेला वर्षभरात जेमतेम पंधरा इंच पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण निम्मा, आणि त्यातला बराचसा नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मग थेट हिवाळ्यापर्यंत आभाळ कोरडं. इथली झाडं पावसाळी थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात गप्प बसतात. आपल्या टेकड्यांवरचं बकाय नावाचं झाड तर भर उन्हाळ्यातच पानं गाळतं. ऑगस्टमध्ये बघाल तर मेलंय असं वाटेल. मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. झोपलेल्या झाडाच्या गरम मातीत रोज पाणी ओतलं की बुरशीसारखे रोग मुळांवर चढतात. आमच्या सिअनोथसचं तेच झालं.

जगात असं हवामान पाचच ठिकाणी आहे. भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, आपला कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केपचं टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग. सगळी मिळून पृथ्वीची पाच टक्केसुद्धा जमीन होत नाही, पण जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी साधारण वीस टक्के जाती तिथल्या आहेत. आणि आपल्याला हे हवामान परकं वाटत असलं तरी आपलं अर्धं ताट तिथूनच आलंय. गहू, हरभरा, जवस ही पश्चिम आशियातल्या हिवाळी पावसाच्या पट्ट्यातली पिकं. आपल्याकडे आल्यावर त्यांनी आपली थंडी धरून ठेवली आणि ती रब्बीची झाली. धणे आणि मेथी त्याच कुळातले. दर मेमध्ये ग्रुपवर कोणीतरी विचारतं ना, "कोथिंबीर लावली की लगेच फुलावर जाते, काय करू?" ऑक्टोबरमध्ये पेरा, दुसरं काय!

आता मुद्द्यावर येते.

लायब्ररीमागे, ओढ्याच्या कडेने जो तीन एकरांचा हिरवा उतार आहे, त्याचं काय करायचं यावर आपल्या शहरात वाद चाललाय. शेजारच्या काही मंडळींनी प्रस्ताव ठेवलाय की तिथे लोकांनी मिळून चालवायची एक वनस्पती-बाग करावी, या पाचही प्रदेशांतल्या झाडांची. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कृत्रिम गवत टाका, कटकट नको. आणि आपल्या व्हॉट्सॲपवर तिसरंच फिरतंय, की 'काही रिटायर्ड लोक आपल्या मुलांची क्रिकेटची जागा पळवतायत.'

हे तिसरं आधी निकालात काढते, कारण ते चूक आहे आणि पसरवणारे आपलेच आहेत. त्या उतारावर कोणी क्रिकेट खेळत नाही. खेळता येणारच नाही, चेंडू थेट ओढ्यात जाईल. मी नऊ वर्षं रोज तिथून चालते. गवत कापणारा माणूस आणि बदकं सोडून त्या गवतावर मी कोणालाही पाहिलेलं नाही. आपल्याला क्रिकेटचं मैदान हवंय हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यासाठी मी स्वतः दोनदा सह्या गोळा केल्यात. ते वेगळं मागू या. या जागेवर त्याचं ओझं टाकू नका.

दुसरं म्हणजे ते गवत तसंही राहणार नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियात असेंब्ली बिल १५७२ नावाचा कायदा झाला. जी हिरवळ नुसती शोभेची आहे, जिच्यावर कोणी खेळत-बसत नाही, तिला पिण्याचं पाणी घालायला त्याने बंदी केलीय. शहरांच्या आणि सरकारी जागांना ही बंदी १ जानेवारी २०२७ पासून लागू, ऑफिसं आणि दुकानांच्या जागांना २०२८ पासून, सोसायट्यांच्या सामाईक जागांना २०२९ पासून. (घरच्या लॉनला हा कायदा लागू नाही, घाबरू नका. खेळाच्या मैदानांनाही नाही.) पुनर्वापराचं पाणी चालतं, पण त्याची जांभळी पाइपलाइन या उतारापर्यंत आलेली नाही आणि इतक्यात येणारही नाही. तेव्हा 'गवत की बाग' असा प्रश्नच उरलेला नाही. गवताच्या जागी काय, एवढाच प्रश्न आहे.

प्लास्टिकच्या गवताबद्दल फार लिहीत नाही. जुलैच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग मत द्या.

म्हणजे मी बागेच्या बाजूची आहे. पण जो आराखडा मांडलाय, तो जसाच्या तसा झाला तर पाच वर्षांत तिथे कुंपण, तण आणि गंजलेल्या पाट्या उरतील असं मला वाटतं. हे बोलल्यावर प्रस्तावकांपैकी एक-दोन जण माझ्यावर नाराज झालेत. होऊ देत.

आराखडा म्हणतो, तिन्ही एकर एकदम करायचे. पाच खंडांचे पाच कोपरे, मधे कारंजं, आणि उद्घाटन मेच्या शेवटी, म्हणजे शाळा सुटायच्या आत. मेमध्ये! ज्या झाडांची मुळं पहिल्या पावसाबरोबर धरतात ती झाडं तुम्ही कोरड्या हंगामाच्या तोंडावर लावणार, तीसुद्धा फोटोसाठी. आपल्याकडे जूनऐवजी फेब्रुवारीत वृक्षारोपण करणाऱ्या पुढाऱ्याला आपण काय म्हणतो? लावणी नोव्हेंबरमध्येच व्हायला हवी, पहिला बरा पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यावर. तेव्हा चिखल असतो, फोटो चांगले येत नाहीत, पाहुणे यायला कुरकुरतात. येऊ नयेत.

आणि कोणी 'पाणी लागतच नाही' असं सांगत असेल तर तेही खोटं आहे. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना बेताचं पाणी द्यावंच लागतं, मुळं खाली जाईपर्यंत. कधी द्यायचं, किती द्यायचं आणि कधी हात आवरायचा, हे ज्याला कळतं असा माणूस तिथे हवा. केपची प्रोटिया घ्या. तिथल्या निकस मातीत वाढल्यामुळे तिची मुळं फॉस्फरस ओरबाडून घेण्यात इतकी तरबेज झालेली असतात की आपण प्रेमाने फॉस्फेटचं खत टाकलं तर झाड मरतं. आमच्यासारख्या 'थोडं खत टाकून ठेवू, बरं असतं' म्हणणाऱ्यांचं तिथे काम नाही. ऑस्ट्रेलियाच्या बँक्सियाचंही तसंच. केपच्या झुडपांची बरीच बियाणी तर वणव्याचा धूर लागल्याशिवाय उगवत नाहीत. १९९० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, आणि आता बी धुराच्या पाण्यात भिजवून पेरतात. मला ही गोष्ट भारी आवडते. पण अशा झाडांची जबाबदारी 'शनिवारी जमेल त्यांनी या' या तत्त्वावर चालत नाही.

उदाहरणं लांब शोधायला नकोत. सॅन होजेची म्युनिसिपल गुलाबबाग आठवा. शहराचं बजेट आटलं तशी ती बाग तणात गेली होती, तिचा दर्जा काढून घेतला जाईल अशी वेळ आली होती. २००७ मध्ये नागरिक पुढे आले आणि छाटणीपासून सुकलेली फुलं खुडण्यापर्यंतची कामं हातात घेतली. २०१० साली तिला अमेरिकेतली सर्वोत्तम गुलाबबाग असा किताब मिळाला. आपल्यातल्या किती जणांनी तिथे प्री-वेडिंगचे फोटो काढलेत, हात वर करा. आणि एकदा तरी कात्री हातात घेतलेले किती?

वॉलनट क्रीकची रूथ बँक्रॉफ्ट बाग बघितली नसेल तर या वसंतात नक्की जा. रूथबाईंनी साठी उलटल्यावर, घरच्या जुन्या अक्रोडाच्या बागेच्या जागी कोरड्या प्रदेशांतली झाडं लावायला घेतली. १९७२ साली लावणी केली आणि त्याच डिसेंबरमध्ये असं कडाक्याचं दहिवर पडलं की जवळजवळ सगळं मेलं. बाईंनी पुन्हा लावलं. १९९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि २०१७ मध्ये बाई गेल्या तेव्हा १०९ वर्षांच्या होत्या. वीस वर्षं ती बाग एका बाईच्या अंगणात, तिच्या नजरेखाली वाढली आणि मग लोकांची झाली. आपण मात्र पहिल्याच दिवशी लोकार्पण करायला निघालोय.

आणि सॅन लुईस ओबिस्पोची वनस्पती-बाग. ही आपल्या प्रस्तावाची सख्खी बहीण, कारण तीही याच पाच प्रदेशांच्या झाडांसाठी आहे आणि लोकांनीच उभी केलेली आहे. १९८९ ला सुरू झाली. मनातला आराखडा १५० एकरांचा. गेल्या वर्षी एलएला जाताना आम्ही मुद्दाम तिथे थांबलो. फिरायला मिळाली ती छोटीशी, पण नीट राखलेली बाग. तिच्यामागे डोंगराकडे जाणारी पायवाट. नवरा म्हणाला, "एवढंच?" मला उलट धीर आला. एवढ्या वर्षांत त्यांनी झेपेल तेवढंच केलं आणि केलेलं टिकवलं. छोट्या बागेत प्रत्येक झाडाला नाव होतं आणि एकही वाफा बेवारस दिसला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की अर्ध्या एकराने सुरुवात करा, लायब्ररीच्या दाराजवळच्या. बाकी अडीच एकरांवर गवत मरू द्यायचं, वर लाकडाचा चुरा पसरायचा आणि आहेत ती झाडं जपायची. (झाडं जगवायला पाणी घालायची मुभा कायद्यात आहे.) पहिला अर्धा एकर तीन उन्हाळे काढून उभा राहिला तरच पुढचा. कारंज्याचे पैसे वाचवून शहराच्या बजेटमध्ये एका पगारी माळ्याची जागा धरा, पूर्ण वेळ नाही जमली तर अर्धी. स्वयंसेवक हवेतच, पण स्वयंसेवकांची मुलं कॉलेजला जातात, गुडघे बदलतात, नोकरी ऑस्टिनला जाते. नळाचं टायमर बंद पडलं हे सोमवारी सकाळी लक्षात येणारा माणूस पगारीच लागतो.

झाडांच्या यादीबद्दलही माझी तक्रार आहे. यादीत निलगिरीच्या तीन जाती आहेत. १९९१ चा ओकलंडचा वणवा इथे जुन्या असलेल्यांना आठवत असेल, त्यात टेकड्यांवरच्या निलगिरीने काय केलं तेही. ओढ्याकाठी घरांच्या एवढं जवळ नकोच. हायवेच्या कडेला पसरलेलं ते मांसल पानांचं आइसप्लांट दक्षिण आफ्रिकेचं. माती धरावी म्हणून आपल्याच सरकारने ते मैलोन्मैल लावलं, आणि आता किनाऱ्यांवरून ते उपटायला माणसं लावावी लागतात. पिवळ्या फुलांचं फ्रेंच ब्रूम बागेतून पळून टेकड्यांवर गेलं. घाणेरीही आपल्याकडे बागेत शोभेला म्हणूनच आली होती ना? सारख्या हवामानाचं झाड इथे छान रुजतं, आणि छान रुजतं म्हणूनच ते पळून जाऊ शकतं. यादी पक्की करायच्या आधी इथली तणं ओळखणाऱ्या कोणाकडून तपासून घ्या, आणि ओढ्याच्या बाजूचा पट्टा फक्त कॅलिफोर्नियाच्याच झाडांना ठेवा.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. तो एका मैत्रिणीने घेतला. तिचं म्हणणं, "सप्टेंबरमध्ये ती बाग भकास दिसणार. माझ्या सासूबाई रोज त्या हिरवळीकडे बघत बाकावर बसतात. त्यांना काटक्या बघायला लावणार का?" याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. सप्टेंबरमध्ये बाग करडी, तपकिरी, राखाडी दिसेल. सावली कमी असेल, पहिली पाच वर्षं तर नक्कीच. आईवडील इथे असतात ते नेमके याच महिन्यांत, त्यामुळे त्यांनी बघितलेलं कॅलिफोर्निया हे कायम झोपलेलं कॅलिफोर्निया. बाकं सध्याच्या मोठ्या ओकखालीच राहावीत आणि ओकखाली नवीन काही लावू नये, हे मी लेखी मागणार आहे. ओकलाही उन्हाळ्यातलं पाणी बाधतं, म्हणजे त्याचंही भलंच होईल. पण हिरवळ गेल्याचं दुःख त्या आजींना होणार हे खरंच आहे.

त्या आजींसाठी आणखी एक सुचवायचंय. अर्ध्या एकरात एक वाफा रब्बीचा ठेवू या. मेथी, धणे, हरभरा, जवस. ऑक्टोबरअखेर पेरायचा, एप्रिलमध्ये काढायचा, उन्हाळ्यात रिकामा. ही भूमध्य प्रदेशाकडचीच झाडं आहेत, त्यामुळे बागेच्या विषयात चपखल बसतात. जवसाची निळी फुलं बघून इथल्या बागप्रेमी बायका वेड्या होतील. शेजारी चिलीचं साबणाचं झाड लावता येईल, क्विलाया. आपल्या रिठ्यासारखा त्याच्या सालीचा फेस होतो, आणि त्यातलंच द्रव्य आपल्यातल्या पन्नाशी उलटलेल्यांनी घेतलेल्या नागिणीच्या लशीत असतं. मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? या वाफ्याची जबाबदारी मराठी मंडळींनी घ्यावी असं माझं मत आहे. देणगी देऊन पाटीवर नाव लावणं आपल्याला जमतं. पाळी लावून तण काढणं जमतं का ते बघू.

२०१५ ची आठवण आहे का? दुष्काळात गव्हर्नर ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर पंचवीस टक्के कमी करायचा आदेश काढला, तेव्हा आपल्या गल्लीत निम्मी लॉनं वाळली होती. काहींनी ती हिरव्या रंगाने रंगवून घेतली होती. मी त्या वर्षी आमच्या लॉनला चोरून पाणी घातलं. रात्री अकराला, शेजाऱ्यांचे दिवे गेल्यावर. सोसायटीची नोटीस आली ती वेगळीच. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं की हिरवं नसेल तर घर बेवारस दिसेल. त्यामुळे ज्यांना हा उतार हिरवाच हवाय त्यांना मी नावं ठेवत नाही.

मीटिंग मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे, सिटी हॉलमध्ये, पार्क्स कमिशनची. बोलायचं असेल तर दारातच कार्ड भरायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, तिथे सगळेच अडखळतात. बागेच्या विरोधात बोलायचं असेल तरीही या, फक्त क्रिकेटचं कारण सांगू नका. माझी तीन मिनिटं अर्धा एकर, नोव्हेंबर आणि माळी यांवर जाणार आहेत. कारंज्यावर कोणीतरी दुसऱ्याने बोला.

आई या वर्षी ऑक्टोबरमध्ये येतेय, मुद्दाम. पाऊस बघायचाय म्हणते. आमचा नवा सिअनोथस तिच्याच हातून लावायचा असं ठरलंय. नळी मी गॅरेजमध्ये ठेवलीय.

जवस कोणाकडे आहे का? सालासकट, न भाजलेला हवा. असेल तर कमेंटमध्ये सांगा.